चार पायांचा कंदील

टेंभेकर काकाजींना प्रत्येक गोष्टीची पोच लागायची. आमच्याकडे वाटीभर चिवडा पाठवला की वाटी माझ्या ओट्यावर टेकायच्या आत समोरच्या गॅलरीतून आवाज यायचा, "पोचलं का?" आमची गल्ली केवढी, तर दोन स्कूटरी समोरासमोर आल्या तर एकीला मागं जावं लागतं, एवढी. त्यात वाटी जाऊन जाऊन जाणार कुठे? पण "पोचलं, काकाजी" हे शब्द कानावर पडेपर्यंत माणूस गॅलरीतून हलायचा नाही. मी कधी कधी मुद्दाम गप्प बसायची. मग चपला सरकवून स्वतः खाली यायचे, वाटी बघायचे आणि परत जायचे.

सगळी नोकरी त्यांची रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेली. तिथे माल पोचल्याचं कळलं नाही तर पाठवणारा येऊन उरावर बसतो, म्हणून ही सवय लागली असं ते सांगत. काकूंना हे मान्य नव्हतं. त्या म्हणायच्या, नोकरीवर कशाला ढकलता, लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तर मी अजून अंगणात पाय धुतेय आणि दारात तारवाला उभा, पोचलीस का म्हणून. माझ्या वडिलांना वाटलं कुणीतरी गेलं. हे सांगताना काकू हसून हसून पदराने डोळे पुसायच्या आणि काकाजी पेपरात तोंड घालून बसायचे.

नर्मदेकाठच्या आमच्या या हिंदी शहरात, दीक्षितपुऱ्यात, मराठी घरं आता उरली किती? मुलं तर आमच्याच घरातली मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देतात. मी शाळेत शिकवते, घरी ओरडते, दोन्हीकडे फरक शून्य. पण दिवाळीत गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की मराठी घर कोणतं हे कुणालाही ओळखू यायचं, आकाशकंदिलावरून. आणि त्यातला बघण्यासारखा कंदील एकच, काकाजींचा. बाजारातला नाही. गोहलपुरातून बांबूच्या कामट्या आणायचे, तिथल्याच पतंगवाल्याकडून कागदाचे ताव. मैद्याची खळ काकू शिजवायच्या, झुरळांनी खाऊ नये म्हणून त्यात मोरचूद. ती खळ मुलांपासून लपवायला त्या फडताळाच्या अशा कोपऱ्यात ठेवायच्या की ऐन वेळी त्यांनाच सापडायची नाही. मग दोघांचं भांडण. ते ऐकू आलं की आम्ही समजायचो, दिवाळी आली.

गॅलरीच्या वर एक लोखंडी दांडा, त्याला कप्पी, कप्पीतून दोरी. तिन्हीसांजेला कंदील वर चढायचा आणि जेवणाच्या आधी खाली उतरायचा. आमच्याकडे दिवाळीत दव फार. रात्रभर ठेवला तर सकाळी कागद ढिला पडतो. एरवी लोक कंदील रात्रभर लोंबकळू देतात आणि दिवाळी संपली की फेकतात. काकाजींचा सांगाडा तोच, वर्षानुवर्षांचा, फक्त कागद नवा. कारण तो उतरताना कधी कुठे आपटला नाही. काकाजी गॅलरीत दोरी धरून हळूहळू सोडायचे आणि खाली ओट्याशी काकू पदर पसरून उभ्या. कंदील त्यांच्या पदरात यायचा.

वरून काकाजी विचारायचे, "आला का?"

खालून काकू म्हणायच्या, "आला हो, सोडा!"

आणि मगच दोरी सैल व्हायची. दिवाळीतल्या प्रत्येक संध्याकाळी हे असं. काकू कंदिलाला कवेत घेऊन अशा घरात जायच्या की कुणाला वाटावं झोपलेलं मूल उचलून नेतायत. मी भाजी निवडता निवडता समोरून बघायची आणि मनात म्हणायची, काय हे म्हातारपणी चाललंय! खोटं कशाला सांगू, हेवा वाटायचा.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघंही तापाने पडले. काकाजींना बेताचा, काकूंना जास्त. अॅम्ब्युलन्स गल्लीत शिरेना, तोंडाशीच थांबली. काकू आपल्या पायांनी निघाल्या. हातात पिशवी, तोंडावर मास्क. काकाजींना सोबत जाऊ देणार नव्हते. त्यांनी दारात काकूंच्या हातावर दही ठेवलं. मी खिडकीत होते. काकूंनी मास्क खाली करून ते चाटलं आणि म्हणाल्या, मला चव लागत नाही हो, गोड आहे की आंबट तुम्हीच सांगा. मग म्हणाल्या, "येते हं."

गल्लीच्या वळणावर त्यांनी हात वर केला. काकाजी गॅलरीतून ओरडले, पोचली की फोन कर.

फोन आला नाही. त्यांचा मोबाइल तिथे बंद पडला असावा. दवाखान्यातून कुणीतरी दोन-तीनदा सांगितलं, ठीक हैं, ऑक्सिजन पर हैं. आणि मग एकदा सांगितलं, नहीं रहीं. काकाजी घरात कोंडलेले. मुलगी मीनल नागपुरात, तीही तापाने आडवी. अग्नी कुणी दिला, कुठे दिला, सगळं फोनवरच. नंतर पिशवी तेवढी परत आली. तिच्यात टॉवेल, चष्मा आणि तो बंद मोबाइल.

मला जायला मिळालं तेव्हा मी डबा घेऊन गेले. पाय ठेवला तर जमीन करकरत होती. कोपऱ्यात केसांचे गुंते, खुर्चीखाली धुळीचा थर. मी झाडू उचलला, तर त्यांनी येऊन माझ्या हातातला झाडू धरला. आपल्यात माणूस बाहेर पडलं की लगेच मागे झाडत नाहीत, ते पोचेपर्यंत थांबतात. हे मला माहीत होतं, पण डोक्यात आलं नव्हतं.

"राहू द्या, ताई," ते म्हणाले. "पोचल्याचा फोन नाही आला तिचा. झाडू कसा मारू?"

मी तोंडाची फटकळ. गल्लीत माझ्या वाटेला कुणी जात नाही. पण त्या दिवशी मीच माघार घेतली. झाडू होता तिथे ठेवला, डबा ओट्यावर ठेवला आणि घरी येऊन स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. पुढे मीनल बरी होऊन आली. तिने वडिलांना खुर्चीत बसवलं आणि रडत रडत सगळं घर झाडून काढलं. काकाजी पाय वर घेऊन बसले होते, लहान मुलासारखे. तिने पुष्कळ समजावलं तरी तिच्यासोबत नागपूरला गेले नाहीत.

त्या वर्षी त्यांच्याकडे दिवाळी नव्हती. आम्ही फराळ नेऊन दिला. त्यांनी घेतला, पण कप्पी रिकामी राहिली. "पोचलं का?" हे तर बंदच झालं होतं. आधी त्या आरोळीने डोकं उठायचं माझं. आता चिवड्याची वाटी निमूटपणे येऊ-जाऊ लागली आणि मला ते सहन होईना.

दुसऱ्या वर्षी गणपतीच्या सुमारास मीनलने त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. परत येणाऱ्या रॉकेटचा. वर गेलेलं रॉकेट खाली उतरतं, पाय उघडतं आणि निघालं तिथेच येऊन उभं राहतं. काकाजी तो व्हिडिओ घेऊन गल्लीभर फिरले. मला दाखवला, माझ्या मुलीला दाखवला, इस्त्रीवाल्याला दाखवला. दूधवाल्याने बघितला आणि म्हणाला, "काकाजी, ये तो वीडियो उल्टा चला रहे हैं।"

काकाजी असे खवळले की बास. पातेलं ओट्यावर आपटून त्याला म्हणाले, "अरे धुआँ देख, धुआँ! उल्टा चलता तो धुआँ वापस अंदर जाता!" दूधवाल्याने पुन्हा बघितलं. मग मीही पुन्हा बघितलं. खरंच, धूर बाहेरच पसरत होता. कितीतरी दिवसांनी त्यांचा तो जुना आवाज गल्लीने ऐकला, म्हणून दूध थोडं सांडलं त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

त्याच आठवड्यात ते माझ्याकडे आले. माझी शाळा अधारतालला, शाळेजवळ प्रिंट काढून देणारं दुकान. इंटरनेटवर कागदी रॉकेटचे नकाशे मिळतात म्हणे, कापायचे, दुमडायचे, चिकटवायचे. ते जाड कागदावर मोठे करून आणून द्याल का, असं विचारायला आले होते. मी म्हटलं, आणते, पण करताय काय?

"कंदील," ते म्हणाले. "यंदा रॉकेटचा करून राहिलो."

मी हसले. म्हटलं, जुना सांगाडा आहे ना चांगला? त्यालाच कागद लावा. उतरवायला मी उभी राहीन खाली. मनापासून म्हटलं होतं. त्यांनी मान हलवली.

"नाही, ताई. तुम्ही आज आहात, उद्या तुमचं काही काम निघेल. खाली कोणी नाही म्हणून तो पडला, फाटला, असं नको मला. त्याचा त्याला उभा राहता आला पाहिजे."

त्यांना नेमकं काय हवंय ते मला तेव्हा कळलं. मी प्रिंट आणून दिल्या.

मग महिनाभर समोरचं घर म्हणजे कारखाना. मी विचारलं, खरं रॉकेट तर आभाळाएवढं, तुम्ही प्रमाण कसं ठरवलं? त्यांनी दोन्ही हात पुढे करून गोल केले. तिच्या कवेत मावायचा तेवढा, म्हणाले, आणि लगेच कात्री शोधायला लागले. जाड कागदाची नळी, आत दिवा, चार पाय. पाय वर जाताना अंगाला मिटलेले असत आणि खाली येताना दोऱ्याच्या ओढीने उघडत. मैद्याची खळ आता ते स्वतः शिजवायचे. दोनदा करपवली. फडताळाच्या कोपऱ्यात ठेवलेली खळ मात्र त्यांना लगेच सापडायची, आणि भांडायला कुणी नव्हतं.

रॉकेट तयार झालं आणि पडायला लागलं. रोज संध्याकाळी वरून उतरवायचे आणि रोज ते ओट्यावर टेकलं की आडवं. "काहून पडून राहिलं हे?" असं स्वतःशीच पुटपुटत खाली यायचे. काहून म्हणजे काय, कारण माझ्या डोळ्यांसमोर होतं. त्यांनी रॉकेटला खाली झिरमिळ्या लावल्या होत्या, तांबड्या-पिवळ्या, हातभर लांब. उतरताना त्या पायांखाली गोळा व्हायच्या आणि पाय त्यांच्यावर पडायचे. मी म्हटलं, त्या कापा. तर म्हणाले, झिरमिळ्या नाहीत तो कंदील कसला, दुकानाची पाटी दिसेल. म्हटलं, जगात कुठल्या रॉकेटला झिरमिळ्या असतात? म्हणाले, जाळ निघतो ना खालून, हाच तो जाळ. माझ्याशी वाद घालून कुणी जिंकत नाही, पण या माणसाने मला त्या झिरमिळ्यांवर आठवडाभर झुंजवलं. आणि कापल्या नाहीत त्या नाहीतच. पाय लांब केले, जास्त फाकवले, झिरमिळ्यांना मधे मोकळी जागा दिली.

तरी ते डुलायचं. पायात वजन हवं होतं. एका सकाळी काकाजी एकटेच ग्वारीघाटला गेले. काकू गेल्यापासून नर्मदेवर ते गेले नव्हते. मीनलने अस्थी सोडल्या तेव्हाही घरीच बसून राहिले होते. दुपारी परतले ते हातात ओल्या वाळूची पिशवी घेऊन. डोळे सुजलेले. वाळू गॅलरीत वाळत घातली आणि चारही पायांत भरून वरून कागद चिकटवला.

धनत्रयोदशीला दिवा लावून रॉकेट वर चढलं. गल्लीतलं सगळं हिंदी-मराठी माणूस मान वर करून. पांढरं अंग आतून उजळलेलं, खाली झिरमिळ्यांचा जाळ. जेवणाआधी ते उतरायला लागलं तेव्हा कुणी हललंसुद्धा नाही. काकाजी वरून बोटाबोटाने दोरी सोडत होते. मधेच वारा आला, रॉकेट फिरलं, ते थांबले. निवांत होऊ दिलं. मग पुन्हा. पाय उघडले, चारही. आणि ते काकूंच्या उभं राहायच्या जागी टेकलं, जरा डुललं आणि उभं राहिलं.

गल्लीत टाळ्यांचा कडकडाट. कुणी शिट्ट्या मारल्या. पहिला ओरडला तो तोच दूधवाला, "काकाजी, उतर गया आपका रॉकेट!" त्या गोंधळात मला वरून काकाजींचा आवाज आला. सवयीचाच, पण हळू.

"आला का?"

बाकी कुणाला ऐकू गेलं नसावं, सगळे मोबाइलवर फोटो काढण्यात होते. मी वर बघितलं. दोरी ताणलेलीच होती. रॉकेट केव्हाचं उभं होतं तरी त्यांनी ती सोडली नव्हती. मग दोरी गजाला बांधून खाली आले. लोकांनी पाठ थोपटली, हात मिळवले. ते रॉकेटभोवती एक फेरी मारून माझ्यापाशी येऊन थांबले.

"उभं राहिलं," मी म्हटलं. मला खरोखर आनंद झाला होता.

"हो," ते म्हणाले. "तिचं काही कामच पडलं नाही."

आणि दार लोटून आत गेले. रॉकेट ओट्यावर एकटंच उजळत राहिलं. शेवटी मीच त्याचा दिवा काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फराळाचं ताट घेऊन गेले तर काकाजी जमिनीवर बसलेले, समोर रॉकेट आणि हातात ब्लेड. तीन पाय कापून झाले होते, चौथा चालू होता. कापलेल्या पायांतून वाळू बाहेर आली होती आणि ती त्यांनी एका वाटीत भरून ठेवली होती. माझं डोकंच फिरलं. महिनाभर डोळे फोडून केलेलं काम! म्हटलं, काकाजी, वेड लागलंय का तुम्हाला?

त्यांनी चौथा पाय कापून पुरा केला. मग म्हणाले, "पाय असले की खाली कोणी नसलं तरी चालतं, ताई. मला चालायचं नाही तसं." वाळूची वाटी बाजूला सरकवून म्हणाले, "संध्याकाळी तुम्ही वर जाल का? दोरी तुम्ही सोडा. मी खाली राहतो. सारा जन्म वरून ओरडलो. खालून तिला काय दिसत होतं, ते मी पाहिलंच नाही."

पाडव्याला मीनल येऊन त्यांना घेऊन गेली. या खेपेला त्यांनी नाही म्हटलं नाही. मी हातावर दही ठेवलं, त्यांनी येतो म्हटलं, आणि नागपूरला पोचल्याबरोबर फोन केला, पोचलो म्हणून. तोवर मी माझा ओटा झाडला नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात झोपेतच गेले. मीनलचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. ती एवढंच म्हणाली, बाबा गेले, मावशी, आणि मी कुणी काही विचारायच्या आत वर्गाबाहेर जाऊन उभी राहिले.

त्यांच्याबरोबर इतकी वर्षं समोरासमोर राहिले, पण काकाजी म्हटलं की मला दिसतात ते त्या संध्याकाळचे, त्यांच्या गॅलरीतून दिसलेले. मी पहिल्यांदाच तिथे उभी होते, दोरी हातात धरून. बिनपायांचं रॉकेट वर उजळलेलं. खाली ओट्याशी काकाजी, काकूंच्या जागी. पदर नव्हता म्हणून त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा दोन्ही हातांवर पसरला होता. मान पूर्ण वर. मी दोरी सोडत गेले तसा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर उतरत गेला. आधी टक्कल, मग कपाळ, मग डोळे. डोळे मिटत नव्हते. झिरमिळ्या त्यांच्या तोंडावरून फिरल्या तरी त्यांनी तोंड बाजूला केलं नाही. आणि कंदील त्यांच्या दुपट्ट्यात आला. त्यांनी तो कवेत घेतला आणि छातीशी धरला, अगदी काकू धरायच्या तसा.

दोरी मी सोडली नव्हती. इतकी वर्षं ऐकलेलं होतं, काय करायचं ते मला माहीत होतं.

"काकाजी," मी विचारलं, "आला का?"

कंदील छातीशी, मान खाली. त्यांचे खांदे हलत होते. माझा हात दुखायला लागला, तरी मी दोरी धरून ठेवली. पुन्हा विचारलं, आला का?

मग त्यांनी चेहरा वर केला. सगळा भिजलेला, सगळा उजळलेला.

"आला हो," ते म्हणाले. "सोडा."

आणि मी दोरी सोडली.